पूजेतली फ्लॉपी

आमच्या घरी दसऱ्याचा एक नियम होता आणि आम्हा दोघी बहिणींचं त्या नियमावर मनापासून प्रेम होतं. सकाळी पूजेत जे मांडलं जाईल, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पाटीवर सरस्वती काढायची, तिच्यापुढे वह्यापुस्तकं रचायची, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहायची, की त्या दिवसापुरता अभ्यास बंद. आई शाळेत शिकवायची. वर्षाचे उरलेले सगळे दिवस तिचा एक डोळा गॅसवर आणि दुसरा आमच्या दप्तरांवर असायचा. त्यामुळे दसऱ्याला आम्ही कसलीही कसर ठेवत नसू. पाठ्यपुस्तकं, वह्या, शब्दकोश, मागच्या इयत्तेची पुस्तकं, एकदा तर स्कॉलरशिपच्या जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं पाटावर जायचं. छापील काही चुकून बाहेर राहिलं तर आई नेमकं तेच हातात द्यायची, हे आम्ही अनुभवानं शिकलो होतो. एवढ्या ओझ्याखाली देवीच नापास व्हायची, असं बाबा दर वर्षी म्हणायचे.

बाबा एका कारखान्यात लेथवर काम करायचे. पूजेत त्यांचाही एक कोपरा असे. त्यात पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि मखमली डबीतला मायक्रोमीटर. यंत्राची पूजा कशी करावी याबद्दल त्यांची मतं ठाम होती. यंत्राच्या कव्हरला कुंकू लावण्यात काही अर्थ नाही, जिथं खरं काम चालतं तिथं लावायचं. त्यामुळे आमच्या शिलाई मशीनच्या सुईला कुंकू लागे, मिक्सरच्या पात्याला लागे, आणि दसऱ्यानंतरची पहिली चटणी जरा गुलाबी निघे. आई त्यावर दर वर्षी बोलायची आणि बाबा दर वर्षी ऐकायचे नाहीत.

तर, अभ्यास बंद झाला की आम्ही दोघी नकाशा काढायचो. काढायचो म्हणजे पलंगाखालून बाहेर काढायचो. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी खळीनं जोडून आम्ही एक शहर वसवलं होतं. मी दुसरीत असताना ते एका पानाचं होतं, मी पाचवीत जाईपर्यंत विश्रांतवाडीतल्या आमच्या पुढच्या खोलीत ते मावेनासं झालं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून ती महापौर. मी विरोधी पक्ष. वर्षभर अधूनमधून किरकोळ बांधकामं व्हायची, पण दसऱ्याला वार्षिक सभा. मी मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायचे, मग ताई ठराव मांडायची आणि मी त्याला विरोध करायचे. शहराला नाव नव्हतं, कारण नावाचा ठराव दर वर्षी पडायचा. बाहेर जे जे नवीन येई ते आमच्या शहरात दसऱ्याला दाखल व्हायचं. एका वर्षी दर चौकात पिवळा एसटीडी बूथ आला. एका वर्षी प्रत्येक गच्चीवर डिश अँटेना. एकदा पिठाच्या गिरणीला लागून ताईनं परदेशी गाड्यांची शोरूम उभी केली आणि गाड्यांवर पीठ उडतं म्हणून मी मोर्चा काढला. मोर्चा म्हणजे मी एकटीच, पण मी दोन तास घोषणा दिल्या. शेवटी शोरूमवर पाटी लागली: ‘गाड्या पांढऱ्याच मिळतील.’ मला तरी त्या वयात याहून मोठं सुख माहीत नव्हतं.

ताई नववीत गेली आणि आतल्या खोलीचं दार लावायला लागली. त्या दाराला कडी आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तिला एक मैत्रीण मिळाली, जिच्याशी शाळेत दिवसभर बोलून झाल्यावरही फोनवर बोलावं लागे, आणि ते बोलणं मी खोलीत शिरले की ‘हं, हं, नंतर सांगते’वर यायचं. ती केसांचा मधला भांग बाजूला पाडू लागली. टेपवर इंग्रजी गाणी लावू लागली, ज्यातलं तिलाही काही कळत नव्हतं, असं मी तिला सांगितलंही. तिनं नुसता आवाज वाढवला. पूर्वी तिनं निदान चिमटा तरी काढला असता.

त्यातच मे महिन्याच्या सुट्टीत बाबांनी तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. त्या सुमारास पुण्यात जो तो कुणाला ना कुणाला कॉम्प्युटरच्या क्लासला घालत होता. क्लास सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. सुट्टी संपली तरी तो संपला नाही. आठवड्यातून तीन दिवस ताई बसनं जायची आणि परत आली की तिच्या चेहऱ्यावर एक निराळंच तेज असायचं. जेवताना ती सांगे की आज एरर आला होता, मग तो सापडला. आई-बाबा कौतुकानं माना डोलवत. हरवलेलं काही सापडलं असेल एवढंच त्यांनाही कळत असणार. मी एकदा विचारलं की आपल्या शहरात उड्डाणपूल बांधू या का. ताई म्हणाली, ‘बांध की तुला हवा तर.’ ना ठराव, ना चर्चा. मी तो पूल रागारागानं बांधला आणि तो कुठंच उतरत नव्हता. नकाशा कधी काढायचा असं विचारलं की ती ‘बघू’ म्हणायची. त्या सहा महिन्यांत मी जेवढे ‘बघू’ ऐकले तेवढे पुढे कुठल्या सरकारी कचेरीतही ऐकले नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी तिची फ्लॉपी आहे, क्लासमध्ये केलेले प्रोग्रॅम जिच्यावर साठवतात ती, असं माझं मत झालं. काळी, चौकोनी, पापडासारखी वाकणारी. तिच्या कागदी पाकिटावर ताईनं आपलं नाव चार रंगांत लिहिलं होतं. मधोमध एक भोक होतं आणि खाली एक लांबट खिडकी, तिच्यातून आत तपकिरी, चकचकीत काहीतरी दिसे. त्या खिडकीला बोटसुद्धा लावायचं नाही, सगळं तिथंच असतं, अशी ताईची ताकीद होती. मला स्वतःची अशी एकही गोष्ट नव्हती जिला कुणी बोट लावू नये.

मी सहावीत होते. त्या वर्षीच्या दसऱ्याची मी किती वाट पाहिली ते सांगायची आता थोडी लाज वाटते. एरवी तिला क्लास होता, मैत्रीण होती, कडी होती, पण दसरा माझा होता. आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताईनं जेवताना जाहीर केलं की उद्या चार वाजता क्लासमध्ये मुलांचे प्रोग्रॅम पालकांना दाखवणार आहेत, आणि त्यात ज्याचा चांगला चालेल त्याला मोठ्यांच्या बॅचला घेणार आहेत. मोठ्यांची बॅच कॉलेजच्या मुलांची होती. तिला त्या बॅचला जायचं होतं, हे तिनं इतक्या हळू सांगितलं की ते तिला किती हवंय ते आम्हा सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.

सकाळी ती दाराला तोरण बांधत होती आणि पूजेची मांडणी माझ्याकडे होती. मी तिची फ्लॉपी कपाटातून काढली. नियम नियमच होता, पूजेत गेलेली वस्तू उद्यापर्यंत हलत नाही. ताई चिडेल, पाय आपटेल, मग करणार काय, येऊन बसेल नकाशावर, असा माझा हिशेब. तिची ती वहीसुद्धा, जिच्यात ती प्रोग्रॅम आधी पेन्सिलीनं लिहायची, मी ढिगाच्या अगदी तळाशी सरकवली. शपथेवर सांगते, फ्लॉपी बिघडावी असं माझ्या मनात नव्हतं. ती फक्त अडकायला हवी होती. उलट तिची पूजा रीतसर व्हावी म्हणून मी झटले. पाकिटाला कुंकू लावून काही उपयोग नव्हता. म्हणून फ्लॉपी बाहेर काढून जिथं खरं काम चालतं तिथं, खिडकीत, हळदीचं एक बोट आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट लावलं. अक्षतांचे दोन दाणे घरंगळून आत गेले. मला ते शुभ वाटलं. मग इतिहास आणि भूगोलाच्या मध्ये तिला ठेवून दिली. बाबांनी पूजा केली, सगळ्यांनी नमस्कार केला. ताईनंही केला.

जेवणं झाली, श्रीखंडाची वाटी चाटून झाली, आणि मी नकाशा अंथरला. कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. आतून कपाटाचे खण उघडण्या-लावण्याचा आवाज यायला लागला. मग ताई दारात आली आणि तिनं विचारलं की माझी फ्लॉपी कुणी पाहिली का.

‘पूजेत आहे,’ मी म्हणाले. ‘उद्या मिळेल.’

तिनं पाय आपटले नाहीत. ती आईकडे बघत राहिली. आई अमरावतीकडची, रागावली की तिची पुण्यातली पंधरा वर्षं एका क्षणात पुसली जायची. ‘काहून ठेवली तू ते तिथं?’ असं तिनं मला विचारलं. बाबांनी पुस्तकांमधून फ्लॉपी अलगद ओढली. कुंकू ओलंच होतं. खिडकीतून ते आतपर्यंत पसरलं होतं आणि हलवली की अक्षता खुळखुळत होत्या. मी रडतरडत म्हणाले की तुम्हीच सांगता, जिथं काम चालतं तिथं लावायचं. बाबांनी कपाळाला हात लावला. चूक थोडी माझीही आहे, असं ते ताईला म्हणाले. ताई खाली बसली, नेमकी नकाशावर, आमच्या मंडईवर. मला वाटलं ती आता मला मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

तिनं विचारलं, ‘वही?’

मी ढिगाच्या तळाकडे बोट दाखवलं. क्लासमधल्या यंत्रांत काही साठून राहत नसे, जे काही ते फ्लॉपीवर. म्हणजे जगात तो प्रोग्रॅम आता फक्त त्या वहीत होता आणि वही सरस्वतीच्या पायाशी. आम्ही सगळे आईकडे बघायला लागलो, कारण नियम तिचा होता. आईनं पदर खोचला, चिमूटभर अक्षता घेतल्या, ‘पुनरागमनाय च’ म्हणून ढिगावर टाकल्या, आणि शिक्षिकेनं तपासायच्या वह्या उचलाव्यात तसा अख्खा ढीग उचलून खालची वही ओढली. देवीला वापरलेली विद्या चालते, न वापरलेली चालत नाही, असं काहीतरी ती पुटपुटली. मला त्या क्षणीसुद्धा एक भीती चाटून गेली, की आता ही मला भूगोल वाचायला बसवणार.

दीड वाजला होता. वहीत बघून टाइप करायचं तर दुप्पट वेळ लागणार, कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. आईकडे सोनं द्यायला येणाऱ्यांची रीघ सुरू होणार होती आणि बाबांना इंग्रजी वाचायला चष्मा आणि धीर दोन्ही लागायचे. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू चल.’

बाबांनी आम्हाला स्कूटरवरून नेलं. हँडलला बांधलेला झेंडूचा हार येरवड्यापर्यंत त्यांच्या गुडघ्यावर आपटत होता, मग तो तुटला. क्लासच्या दारात पाटी होती: ‘चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास आत सांगू नये.’ आत थंडगार हवा, जाड पडदे आणि कापडी अभ्रे घातलेली यंत्रं. क्लासचे सर बारीक अंगाचे, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमधले. ते अकरा वर्षांच्या मला ‘आपण कोण?’ म्हणाले. ताईनं फ्लॉपी पुढे केली. ती घरी पूजेत राहिली, एवढंच तिनं सांगितलं. कुणी ठेवली ते सांगितलं नाही. सरांनी ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

‘हिला आता आमच्या यंत्रात पाठवणं बरं दिसणार नाही,’ ते म्हणाले. ‘सौभाग्यवती झाली आहे.’

मग त्यांनी एक कोरी फ्लॉपी काढली, घड्याळाकडे पाहिलं आणि आम्हाला कोपऱ्यातल्या यंत्रापाशी बसवलं.

मी मराठी माध्यमातली. इंग्रजीची आणि माझी ओळख जेमतेम वर्षाची. पहिल्या ओळी मी अक्षर अक्षर वाचल्या, पी, आर, आय, एन, टी. ताई म्हणाली, नुसतं प्रिंट म्हण. पुढे ते जमत गेलं. दहा, वीस, तीस असे ओळींचे आकडे, मग शब्द, मग कंस. कंस उघडा, कंस बंद. मी इतिवृत्त वाचायच्या आवाजात वाचत होते आणि ताईची बोटं मी बोलायच्या आत पोचत होती. मला एका ओळीचाही अर्थ कळत नव्हता. तिला सगळ्याचा कळत होता. मध्येच ती थांबायची, स्वतःशी मान हलवायची आणि वहीत होतं त्याहून वेगळंच काहीतरी टाइप करायची. मी म्हणाले, असं नाहीये इथं. ती म्हणाली, आत्ता सुचलं, हे जास्त बरंय.

साडेतीनला तिनं तो चालवून पाहिला आणि तो चालला नाही. एखादी ओळ माझ्याकडून गळली असणार. ताई पडद्याकडे टक लावून बसली, ओठांनी काहीतरी मोजत, आणि मग एकदम हसली. दोनशे चाळीस, ती म्हणाली. वहीत पाहिलं तर खरंच मी दोनशे तीसवरून दोनशे पन्नासवर उडी मारली होती. तिनं ती ओळ मला न विचारता, वही न बघता टाइप केली. हे हसू मी ओळखत होते. गिरणीशेजारी शोरूम सुचली होती तेव्हाचं हे हसू. सहा महिने मी समजत होते की तिची मजा करायची तऱ्हा संपली, ती मोठी आणि कंटाळवाणी झाली. तसं काहीच नव्हतं. मजा इथं होती, सगळीच्या सगळी, आणि मला तीत वाचायच्या पलीकडे काही काम नव्हतं.

चार वाजता पालक आले. ताईचा प्रोग्रॅम जन्मतारीख घातली की त्या दिवशी कुठला वार होता ते सांगायचा. आधी कुणी तारीख सांगेना, मग एका आजोबांनी स्वतःची सांगितली. यंत्रानं मंगळवार म्हटलं आणि आजोबांनी मान डोलावली. पुढे तर रांगच लागली. एका बाईंनी सासूबाईंची तारीख घातली, शनिवार निघाला, आणि त्या समाधानानं म्हणाल्या की वाटलंच होतं. सर शेवटी ताईपाशी आले आणि म्हणाले, ‘सोमवारपासून मोठ्यांच्या बॅचला बसावं. येताना कुंकू आणू नये.’

घरी पाहुणे येणार म्हणून बाबा मघाशीच परत गेले होते. आम्ही दोघी शनिवार पेठेतून चालत बस स्टॉपकडे निघालो. रस्त्यात आपट्याच्या पानांचे ढीग आणि नवे कपडे घातलेली माणसं. ताई नव्या बॅचबद्दल बोलत होती, मी ऐकत होते. मग मी सांगून टाकलं की फ्लॉपी मी मुद्दाम ठेवली होती. माहितीये, ती म्हणाली. का ठेवली तेही माहीत असल्याचं तिनं सांगितलं, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून माझी हिंमत वाढली.

‘पुढच्या दसऱ्याला तरी खेळशील?’ मी विचारलं.

ती चालता चालता थांबली.

‘नाही गं,’ ती म्हणाली. ‘मला आता त्यात मजा येत नाही. तुझ्याशी भांडण नाहीये माझं. पण उगीच बघू बघू म्हणत राहिले, ते चुकलं.’

मी विचारलं की मग शहराचं काय. ते सगळं तुझं, ती म्हणाली. सगळं माझं व्हावं म्हणून मी किती सभांमध्ये घसा कोरडा केला होता, आणि ते असं मतदानाशिवायच मिळालं. बस आली. ताईनं मला खिडकीची जागा दिली. मी रडायला लागले तेव्हा तिनं मला गप्प बस म्हटलं नाही, की माझी समजूतही काढली नाही. ती नुसती माझ्या बाजूला सरकून बसली. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं खरं बोलली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला मोठं व्हायचंच नव्हतं. तिनं एखादी थाप मारली असती, तर मी ती आनंदानं घेऊन घरी गेले असते.